वादळ गेलं, आता करवत जरा थांबवा

10 ऑक्टोबर 2018 ला मायकल नावाचं हरिकेन फ्लोरिडाच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावर धडकलं. कॅटेगरी 5 म्हणजे सगळ्यात वरची पायरी, वाऱ्याचा वेग ताशी 257 किमीच्या आसपास, आणि पनामा सिटी हे शहर एका दुपारीत पार बोडकं झालं. शहराच्या स्वतःच्याच अंदाजानुसार झाडांचं 80 टक्के छत्र गेलं. टीव्हीवर दिसतात ती उडालेली छपरं, पण तिथे राहणाऱ्यांना पुढे कितीतरी महिने छळलं ते वेगळंच, सावली नाही, आणि पाऊस पडला की पाणी तुंबतंय, कारण जे पाणी झाडं पानांवर अडवायची नि मुळांनी ओढून घ्यायची ते आता सरळ रस्त्यावर.

वारा वाढतो तसा झाडावरचा दाब सरळ हिशोबाने वाढत नाही, वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे एवढ्या वाऱ्यात कुठलंही झाड टिकायलाच नको असं वाटतं. पण टिकतात! आणि कुठली टिकतात हे बघायला फ्लोरिडा युनिव्हर्सिटीची मंडळी, मेरी ड्युरिया वगैरे, 1992 च्या अँड्र्यू हरिकेनपासून वादळामागून वादळ गल्लोगल्ली फिरून झाडं मोजत होती. वरच्या नंबरात आले लाइव्ह ओक, बाल्ड सायप्रस, सबाल पाम, मॅग्नोलिया. खालच्या नंबरात वॉटर ओक, लॉरेल ओक, सँड पाइन. म्हणजे ओकमध्येच एक पहिल्या बाकावर आणि दोन शेवटच्या. लाइव्ह ओक उंच जाण्यापेक्षा आडवा पसरतो, लाकूड भयंकर घट्ट (अमेरिकेच्या 1797 च्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेचा सांगाडा याच लाकडाचा), मुळं लांबवर गेलेली. वॉटर ओक आणि लॉरेल ओक भराभर वाढतात म्हणून लोकांनी घरापुढे लावले, पण पन्नाशी-साठीत आतून पोखरायला लागतात, आणि बाहेरून बघाल तर हिरवेगार. आपल्याकडे मुंबईत गुलमोहराचं काय वेगळं आहे? लवकर वाढतो, मे महिन्यात झक्क फुलतो, लाकूड ठिसूळ, आणि दर पावसाळ्यात एखाद्या गाडीवर आडवा.

त्याच अभ्यासातली अजून एक गोष्ट म्हणजे एकेकटी झाडं जास्त पडली आणि घोळक्यातली कमी. शिवाय मुळांना जागा जितकी जास्त तितकं झाड टिकाऊ. ही जागा आपण बहुतेक चुकीच्या दिशेला शोधतो, झाडाची मुळं पाताळात गेलेली असतात असं आपल्या डोक्यात बसलंय, खरं तर बरीचशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि पसारा फांद्यांच्याही बराच बाहेर जातो. मग केबल टाकायला फुटपाथ खणला की एका बाजूची मुळं साफ, वर पुन्हा बुंध्यापर्यंत काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक. 17 मे 2021 ला तौक्ते मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किमीचे झोत नोंदले गेले, म्हणजे मायकलच्या निम्म्याहून कमी, तरी झाडं धडाधड पडली. पडलेल्या झाडाची ताटली, म्हणजे मातीसकट उपटून आलेला मुळांचा गोल, बघा कधी, खूपदा एका बाजूला मुळंच नसतात. दोष मात्र वाऱ्याला.

बरं, वारा झेलला म्हणजे सुटलो असंही नाही, मागून समुद्र येतो. 29 ऑगस्ट 2005 ला अमेरिकेत कॅट्रिना हरिकेन आलं, न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले आणि खारट-मचूळ पाणी काही भागांत आठवडेच्या आठवडे साचून राहिलं. अख्ख्या शहरातली साधारण एक लाख झाडं गेली असं धरतात. मॅग्नोलिया वाऱ्यात तगणारं झाड ना, तर बुडालेल्या भागात नेमके तेच मोठ्या संख्येने मेले आणि ओक बरेचसे वाचले. साचलेल्या पाण्यात मातीतला ऑक्सिजन संपतो, मुळं गुदमरतात, आणि मीठ असेल तर मातीत पाणी असूनही झाडाला ते ओढता येत नाही. चिकणमाती असेल तर आणखी एक भानगड, मिठातलं सोडियम मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हटवून स्वतः बसतं आणि माती दगडासारखी घट्ट होते. उपाय तसा साधा आहे, गोडं पाणी भरपूर द्यायचं, मीठ खाली धुवून न्यायचं, चिकणमातीत जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) टाकायचं. पण वादळानंतर प्यायलाच पाणी नसतं तिथे झाडांना कोण घालणार, आणि इथेच बरीच झाडं हातची जातात.

आता करवतीकडे. हरिकेननंतर चेनसॉ घेऊन दारोदार फिरणारे लोक तिकडे ठरलेले, पान नाही दिसलं की म्हणतात मेलं, काढून टाकू. पानं वाऱ्याने ओरबाडली जातात हे खरं, पण खोडात आणि मुळांत साठवलेला स्टार्च असतो, त्याच्या जोरावर झाड परत पालवी काढतं, कधीकधी तर ऐन ऑक्टोबरात फुलंही येतात, कारण कळ्यांना झोपवून ठेवणारं हार्मोन पानांमधून येत असतं आणि पानंच गेली. हा सगळा राखीव साठ्यातला खर्च. अशा वेळी तुम्ही चांगल्या फांद्याही छाटल्या तर साठाही गेला आणि नवीन अन्न बनवणारी पालवी धरायची जागाही गेली. म्हणून धोकादायक, लटकलेलं, वायरवर आलेलं तेवढं ताबडतोब काढा (आणि ते जाणकाराकडूनच, वर अडकलेल्या फांद्यांना तिकडे विडो-मेकर, म्हणजे विधवा करणाऱ्या, म्हणतात ते उगाच नाही), बाकी पुढचा पालवीचा हंगाम येईपर्यंत थांबा. शेंडा सरसकट उडवायचा नाही. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर फासायचं नाही, त्याने काही होत नाही. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड फक्त कुजका भाग आतल्या आत भिंती घालून वेगळा करतं आणि वरून नवीन लाकूड वाढवतं. शेंडा उडवल्यावर जे फुटवे येतात ते वरवरच्या थरातून आलेले, कच्चे, पुढच्या वादळात पहिले तेच तुटणार.

वादळाआधीची छाटणीही लोक उलटीच करतात. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्याच एड गिलमन यांच्या टीमने हरिकेनसारखा वारा सोडणारं पंख्याचं मशीन वापरून झाडं हलवून बघितली, तर खोड हलतं ते मुख्यतः वरच्या भागातल्या पानांमुळे. नुसत्या खालच्या फांद्या काढून झाड सुटसुटीत दिसतं, बाकी फार फरक पडत नाही.

पैशांचं गणित तर भारीच आहे. अमेरिकेत आपत्तीनंतर फेमा ही केंद्राची यंत्रणा कललेली झाडं आणि लटकत्या फांद्या काढायचा खर्च देते, पण गेलेल्याच्या जागी नवीन झाड लावायचा सहसा देत नाही. मग कापणं जोरात होणार नाही तर काय होणार! लहान झाड, म्हणजे खोड चार इंचांपर्यंत जाड, आडवं झालं असेल तर मुळं ओली ठेवून उभं करता येतं, वर्षभर टेकू द्यायचा. मोठ्याच्या नादी लागू नये, उभं केलं तरी मुळं तुटलेलीच असतात आणि ते केव्हाही परत येऊन पडेल.

माड-सुपारीचं शास्त्र मात्र पूर्ण वेगळं. आंबा मोडला तर बुंध्यातून फुटू शकतो, पण माडाला खोडात फुटवा देणारे डोळेच नसतात, शेंड्यातला एक कोंब, तो गेला की झाड गेलं. उलट कोंब शाबूत असेल तर झावळ्या मोडलेलं झाडही सावरतं, म्हणून सहा महिने तरी हात लावू नये आणि हिरव्या झावळ्या तर मुळीच तोडू नयेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्यांमध्ये सुपारी अक्षरशः काडीसारखी मोडली, आणि सुपारी एकटी पडत नाही, तिच्यावर चढवलेली मिरी जाते, खाली जायफळ असेल तर तेही चेंगरतं. वर माडांची सावली गेली म्हणून उरलेल्या सुपारीची खोडं पश्चिमेच्या उन्हाने भाजतात. मदत हेक्टरी 50 हजार जाहीर झाली आणि वाड्या गुंठ्यांत, त्यामुळे झाडामागे पैसे द्या ही मागणी होती ती रास्तच होती. नवीन रोपाला सुपारी धरायला पाच ते आठ वर्षं, शिवाय ते रोप उघड्यावर जगत नाही, त्यामुळे मोडलेल्या वाडीत आधी केळी लावून सावली उभी करायची आणि मग तिच्या आडोशाला सुपारी लावायची.