भूतजाळी

समुद्रात हरवलेली, सोडून दिलेली किंवा फेकलेली मासेमारीची साधने म्हणजे भूतजाळी. जाळ्यांबरोबर दोर, पिंजरे, गळाच्या दोऱ्या आणि बोयेही त्यात येतात. वर बोट नसली तरी ती मासे धरतच राहतात, म्हणून हे नाव.

सुताचे किंवा तागाचे जाळे पाण्यात कुजून जाई. १९५० नंतर नायलॉन, पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन रुळले आणि हरवलेले जाळे वर्षानुवर्षे टिकू लागले. ते कुठे जाणार हे घनता ठरवते. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम, नायलॉनची १.१४, म्हणून नायलॉन बुडते. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, म्हणून त्यांचे दोर आणि ट्रॉलचे (बोटीमागे ओढायच्या जाळ्याचे) तुकडे तरंगत दूर जातात. उत्तर प्रशांत महासागरातल्या कचरापट्ट्यातील प्लॅस्टिकचे वजन २०१८च्या एका अभ्यासाने सुमारे ७९ हजार टन धरले. त्यात ४६ टक्के वाटा जाळ्यांचा होता. हा आकडा सगळ्या समुद्राला लावला जातो, ते चूक आहे. तो एका भागातल्या तरंगत्या कचऱ्याचा आहे. तळाला गेलेले नायलॉन त्यात मोजलेलेच नाही.

यातली बरीच साधने कुणी मुद्दाम टाकलेली नसतात. वादळात बोया तुटतो, जाळे खडकात किंवा बुडालेल्या जहाजात अडकते, लावलेल्या जाळ्यावरून ट्रॉलर जातो. जाळे शिवताना कापलेले तुकडे मात्र केवळ निष्काळजीपणाने डेकवरून वाहून जातात.

हरवलेले गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे लावायचे जाळे, सुरुवातीला सर्वाधिक मासे मारते. पुढे अडकलेल्या माशांच्या भाराने आणि शेवाळाने ते खाली बसते. खोल, शांत पाण्यात मात्र ते वर्षानुवर्षे उभे राहू शकते. पिंजऱ्याचे चक्र अधिक क्रूर आहे. आमिष संपते, आतला खेकडा उपासमारीने मरतो, त्याच्या वासाने दुसरा आत शिरतो आणि तोही मरतो. तो मेला की तेच नवे आमिष.

यावर साधा उपाय आहे. पिंजऱ्याच्या बाजूला, तळाजवळ मोठा खेकडा निघेल एवढी फट ठेवून ती निव्वळ सुती दोऱ्याने शिवायची. दोरा कुजला की फट उघडते. टिकाऊ म्हणून नायलॉनचा दोरा वापरला तर सगळेच फुकट.

जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८पासून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला बंदी आहे, पण खबरदारी घेऊनही हरवलेल्या जाळ्याला ती लागू नाही. म्हणून साधनांवर मालकाची खूण आणि हरवल्याच्या जागेची लगेच नोंद महत्त्वाची. नोंद असेल तर लोखंडी आकडा तळावरून ओढून जाळे काढता येते. प्रवाळावर आकडा चालवू नये, तिथे पाणबुड्यांनी जाळे कापून काढावे लागते. वर आलेल्या नायलॉनचा पुनर्वापर होतो, मात्र आधी शिशाची वजने, तरंगक आणि पॉलिप्रॉपिलीनचे दोर हाताने सोडवावे लागतात. शिंपले चिकटलेल्या जाळ्याला हे काम इतके लागते की पुष्कळशी जाळी शेवटी कचऱ्यातच जातात.