सुजलेले सांधे आणि मेंदूतली रसायनं

सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, चहाचा कप धरवत नाही. तासाभराने बोटं जरा मोकळी होतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो, त्याच्या रुग्णांची ही रोजची सकाळ. या आजारात मेंदूचाही वाटा आहे म्हटलं, की ‘म्हणजे मनाचंच आहे तर’ असा अर्थ काढला जातो. हा रुग्णावर अन्याय आहे. इथे प्रश्न रसायनांचा आहे, आणि त्यांचा शोध सांध्यापासूनच सुरू झाला.

काविळीत किंवा गरोदरपणात आमवात ओसरतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी टिपून ठेवलं होतं. म्हणजे सूज उतरवणारं काहीतरी शरीरातच असणार. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी २९ वर्षांच्या, जेमतेम हलू शकणाऱ्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन या ॲड्रिनल ग्रंथीतल्या संप्रेरकाची इंजेक्शनं सुरू केली. आठवड्याभरात ती तीन तास बाजारहाट करून आली. १९५० मध्ये हेंच यांना केंडल आणि राइखस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. दुष्परिणाम कळायला मात्र फार वेळ लागला नाही.

कॉर्टिसोनचंच जवळचं भावंड असलेलं शरीरातलं कॉर्टिसोल मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत तयार होतं, पण हुकूम येतो मेंदूतून. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं आणि पिट्युटरी ॲड्रिनलला. या सीआरएचची रचना १९८१ मध्ये उलगडली. १९८९ मध्ये एस्थर स्टर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दोन जाती शेजारी ठेवल्या. दोघांना एकाच जिवाणूच्या पेशीभित्तिकेचं इंजेक्शन दिलं. लुईस जातीचे सांधे सुजले, फिशर जातीचे जवळजवळ नाहीत. लुईस उंदरांचा मेंदू सीआरएच पुरेसं सोडतच नव्हता. फिशर उंदरांमध्ये औषधाने कॉर्टिसोलसारख्या ॲड्रिनल संप्रेरकाचं काम अडवलं, तर तेही गंभीर आजारी पडले. लुईस उंदरांना स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखं औषध, दिल्यावर सूज कमी झाली. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यात दोष सांध्यात नव्हे तर डोक्यात सापडला.

नसांचा वाटाही दवाखान्यात दिसत होताच. अर्धांगवायूनंतर आमवात झालेल्यांत लुळी बाजू वाचते आणि चांगल्या बाजूचेच सांधे सुजतात, अशा रुग्णांची नोंद १९६२ मध्ये छापून आली. १९८४ मध्ये जॉन लेविन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की नसांच्या टोकांतून झिरपणारं ‘सबस्टन्स पी’ हे रसायन संधिदाह वाढवतं.

उलट काम करणारी नस म्हणजे व्हेगस. ही मेंदूतून निघून मानेतून पोटापर्यंत उतरते. तिच्यातून सुटणारं रसायन ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर पकडलं होतं; ते म्हणजे ॲसिटाइलकोलीन. न्यूयॉर्कच्या केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं, की ही नस चेतवली की सूज पेटवणारं टीएनएफ हे प्रथिन कमी होतं. २०१६ मध्ये १७ रुग्णांवरच्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष आले: नस चेतवल्यावर टीएनएफ उतरलं आणि आजाराचा जोरही कमी झाला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेत बसवायच्या अशा यंत्राला मंजुरी दिली. ज्यांना आधुनिक औषधांनी पुरेसा उतार पडला नाही, त्यांच्यासाठी ते आहे, आणि दिवसातून एक मिनिट चालतं.