चकमकीची रायफल निवडताना: ठिणगी, पीळ आणि शिशाची गोळी

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात नाताळ उलटला की हरणांच्या शिकारीचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो. दुर्बिणी लावलेल्या, भराभर गोळ्या झाडणाऱ्या रायफली तोवर कपाटात गेलेल्या असतात. आता हातात येते ती ठासणीची बंदूक, आणि तीही चकमकीवर पेटणारी. हा हंगाम 1974 पासून चालत आला आहे. नियम मोजकेच आहेत: बार गार, म्हणजे चकमकीचा दगड, आणि पोलाद यांच्या ठिणगीनेच उडाला पाहिजे, नळीचा व्यास .44 इंचापेक्षा, म्हणजे 11.2 मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि दुर्बीण नको. अंगावर बर्फ, बोटं गारठलेली, आणि खिशात बंदुकीच्या दारूची कुपी. अशा वेळी हातातली रायफल कोणती असावी यावर तिथले शिकारी तासन् तास वाद घालतात. त्या वादात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र इतकं ठासून भरलेलं आहे की ज्याने आयुष्यात बंदुकीला हात लावला नाही त्यानेही तो ऐकावा.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा हा विषय आपल्यासाठी कुतूहलाचाच. तिथलं गणित निराळं. पेन्सिल्व्हेनियातले लांडगे आणि प्यूमा माणसाने केव्हाच संपवले. हरणंही इतकी रोडावली होती की 1906 पासून ती बाहेरच्या राज्यांतून आणून सोडावी लागली. पुढे पांढऱ्या शेपटीच्या या हरणांची संख्या अशी फुगली की ती जंगलातली कोवळी रोपं उभीच राहू देईनात. खाणारा प्राणी उरला नाही म्हणून परवाने देऊन शिकार करवणं हा वनव्यवस्थापनाचा भाग झाला. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक पाहिलेल्यांना यातलं अर्धंअधिक यंत्र ओळखीचं वाटेल.

खरेदीदार आधी लाकडाकडे बघतो. लाटालाटांची नक्षी असलेलं मेपल, पितळेचं कोरीव काम, लांबसडक नळी. माझ्या मते पैसे घालायचे ते लॉकमध्ये. लॉक म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा. 1610 च्या सुमारास फ्रान्समध्ये मारां ल बूर्ज्वा या कारागिराने तिला जे रूप दिलं असं मानतात, तेच थोड्याफार फरकाने आजही चालतं. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात घट्ट धरलेली गार. तिच्यासमोर उभी, कडक पाणी दिलेली पोलादी पट्टी, तिला फ्रिझन म्हणतात. फ्रिझनचा खालचा भाग रंजकदाणीचं झाकण असतो. रंजक म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी चिमूटभर दारू, आणि दाणी म्हणजे ती ठेवायची छोटी वाटी. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार फ्रिझनला घासत खाली उतरते, त्याच धक्क्याने झाकण उघडतं आणि ठिणग्या रंजकीवर पडतात.

जळतं ते पोलाद, गार नव्हे. गार पोलादापेक्षा कठीण असल्याने तिची धार फ्रिझनवरून पोलादाचे बारीक कण तासून काढते. तासताना ते तापतात, आणि इतके लहान असतात की आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो. हवेतला ऑक्सिजन लागला की ते स्वतःच पेट घेतात. रॉबर्ट हुक याने 1665 च्या आधीच पांढऱ्या कागदावर अशा ठिणग्या पाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या, आणि त्याला दिसले ते वितळून गोल झालेले पोलादाचे चकचकीत मणी. साडेतीनशे वर्षांनी हीच गोष्ट बंदूक पारखायला उपयोगी पडते. फ्रिझनचं पोलाद मऊ असेल तर गार त्यात नुसत्या चरी पाडते. मोठे, थंड पडलेले कण निघतात आणि ठिणगी लालसर, मंद दिसते. पोलाद फार कडक असेल तर कण सुटतच नाहीत. चांगल्या लॉकची ठिणगी पिवळट-पांढरी असते, फुटत फुटत खाली येते आणि दाणीत पडल्यावरही क्षणभर तडतडते.

ही परीक्षा दुकानातही करता येते. आधी नळीत गज घालून तो पार तळापर्यंत जातो का, म्हणजे बंदूक रिकामी आहे का, हे पाहायचं. ही पायरी कधीही गाळायची नाही, कारण जुन्या ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षांचा बार निघाल्याच्या कहाण्या थोड्या नाहीत. मग दाणी रिकामी ठेवून, खोलीत अंधार करून, सुरक्षित दिशेला तोंड ठेवून चार-सहा वेळा घोडा पाडायचा. ठिणग्या दाणीच्या मधोमध पडतात की बाहेर उधळतात? घोडा शेवटपर्यंत जोराने जातो की मध्येच अडखळतो? गार प्रत्येक वेळी फ्रिझनच्या वरच्या तिसऱ्या भागात आदळते का? पाचातले दोन वार कोरडे गेले तर मेपलची नक्षी कितीही देखणी असो, ती बंदूक खाली ठेवावी. गारही पारखून घ्यावी. करवतीने कापलेला अकीक स्वस्त मिळतो, पण त्याची धार एकदा बोथट झाली की बोथटच राहते. हाताने फोडलेली गार वार करता करता बारीक कपच्या टाकते आणि नवी धार काढते. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावची काळी गार आणि फ्रान्सची मधाच्या रंगाची गार यांचं नाव अजून घेतलं जातं ते याचसाठी.

लॉकनंतर कान. रंजकदाणीतून नळीत जाणारं हे छिद्र जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं असतं. नवखा माणूस रंजक कानात दाबून भरतो. त्याला वाटतं आग थेट आत जाईल. होतं उलटंच. कान दारूने भरला की तो फटाक्याच्या वातीसारखा कणाकणाने जळत जातो आणि बार उशिरा निघतो. कान मोकळा ठेवला तर दाणीतल्या भडक्याची उष्णता आणि ज्वाळा सरळ आतल्या दारूवर जातात. म्हणून चांगल्या नळीत कान आतल्या बाजूने नरसाळ्यासारखा रुंद केलेला असतो, म्हणजे मुख्य दारू भडक्याच्या अगदी जवळ येऊन बसते. नळीत टॉर्च घालून हे बघता येतं.

एवढं सगळं जमलं तरी चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. आधुनिक रायफलीत हे काम काही सहस्रांशांत उरकतं. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे किती? सावकाश चालणारं हरीण सेकंदाला दीड मीटर जातं असं धरा. बार निघेपर्यंत ते 15 सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. गोळीला 60 मीटर कापायला लागतो आणखी सुमारे 0.13 सेकंद, म्हणजे आणखी 20 सेंटिमीटर. हृदय-फुप्फुसाचा नेम धरायचा भाग जेमतेम 20-25 सेंटिमीटरचा. चालत्या हरणावर चकमकीची बंदूक झाडणं म्हणजे पोटात जखम करून त्याला जंगलात हाल हाल होऊन मरायला सोडणं. हरीण उभं असेल तरच चाप, हा तिथल्या जाणत्यांचा दंडक या आकड्यांतून आला आहे. शिवाय त्या दहाव्या भागात नेमबाजाने डोळ्यापुढचा भडका सोसत बंदूक हलू द्यायची नाही. सराव जातो तो बहुतेक यातच.

दारू मात्र काळीच हवी. 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा, 10 टक्के गंधक, हे प्रमाण शतकानुशतकं फारसं बदललेलं नाही. यातला गंधक पेट घेण्याचं तापमान खाली आणतो. काळ्या दारूला पर्याय म्हणून बाजारात पायरोडेक्ससारख्या पावडरी आणि तयार गोळ्या मिळतात. त्या टोपीच्या, म्हणजे घोड्याच्या वाराने फुटणाऱ्या स्फोटक टोपीवर पेटणाऱ्या, बंदुकीत उत्तम चालतात, पण त्यांना पेटायला जास्त तापमान लागतं, आणि गारेच्या ठिणगीने ते भरवशाने साधत नाही. काळी दारू स्फोटक म्हणून नोंदलेली असल्याने प्रत्येक दुकानात नसते. त्यामुळे बंदूक घेण्याआधी दारू कुठे मिळते ते विचारावं. पर्यायी पावडरीवर चालेल म्हणून चकमकीची बंदूक विकणाऱ्याकडे दुर्लक्ष करावं.

आता पीळ. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते. किती इंचांत एक पूर्ण फेरा, यावर पीळ मोजतात: 28 इंचांत एक फेरा हा घट्ट पीळ, 66 इंचांत एक हा सैल. चुकीची खरेदी होते ती बहुतेक वेळा इथे, कारण दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही घट्ट म्हणजे चांगलं असं वाटत असतं. लांबट गोळीला घट्ट पीळ लागतोच. तिचं टोक हवेच्या दाबाने उलटू पाहतं आणि ते सावरायला जोरदार फिरकी हवी. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल याने 1879 मध्ये यासाठी साधं सूत्र दिलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग भागिले तिची लांबी, गुणिले 150. त्यात गोल गोळी घालून बघा. लांबी आणि व्यास सारखेच, म्हणून अर्ध्या इंचाच्या गोळीला उत्तर येतं 75 इंच. खरं तर गोलाला उलटण्यासारखं टोकच नसतं. त्याला फिरकी हवी ती ओतकामातला किरकोळ असमतोल सगळ्या दिशांना सारखा वाटून टाकायला, आणि तेवढ्यासाठी सैल पीळ पुरतो. अठराव्या शतकात लँकेस्टर परगण्यातल्या जर्मन कारागिरांनी पेन्सिल्व्हेनियाची प्रसिद्ध लांब रायफल घडवली तेव्हा हे सूत्र जन्मायचं होतं. पण त्यांच्या अनुभवी हातांनी नळ्यांना सैलच पीळ दिला.

गोल गोळी नळीला थेट टेकत नाही. कॅलिबर म्हणजे नळीचा इंचांतला व्यास. .50 कॅलिबरच्या नळीचा व्यास 12.7 मिलिमीटर, गोळीचा 12.45. मध्ये तेल-चरबी लावलेली सुती कापडाची चकती, सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीची. कापडच खाचांत दबून बसतं, गॅस अडवतं आणि गोळीला सोबत फिरवतं. पीळ फार घट्ट आणि दारू भरपूर असेल तर हे बिचारं कापड खाचा सोडून सरळ पुढे घसरतं किंवा फाटतं, आणि गोळी कुठेही जाते. म्हणून गोल गोळी वापरणार असाल तर 60 ते 70 इंचांत एक फेरा असलेली नळी घ्या. 48 इंचांचा मधला पीळ धड ना इकडचा धड ना तिकडचा म्हणून बदनाम आहे, पण बेताच्या दारूवर तोही नीट मारतो. 28 इंचांचा पीळ फक्त लांबट गोळीसाठी.

कॅलिबर किती? गोळीचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं, हवेचा अडथळा मात्र वर्गाने. .45 ची गोळी सुमारे 8.3 ग्रॅमची, .50 ची 11.5, .54 ची 14.5. म्हणजे .50 वरून .54 वर गेलं तर व्यास आठ टक्के वाढतो, वजन मात्र चतुर्थांशाहून जास्त, आणि जड गोळी आपला वेग जास्त टिकवते. गोल आकार हवेत फार महागात पडतो. .50 ची गोळी नळीतून सेकंदाला 550 मीटर वेगाने निघाली तर 90 मीटरवर तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास, 320 मीटरपर्यंत उतरतो. ऊर्जा राहते एक तृतीयांश. दारू वाढवून हे फारसं सुधारत नाही, कारण वेग जितका जास्त तितका हवेचा अडथळाही जास्त. वाढवलेल्या दारूचा मोठा भाग धूर आणि खांद्याला धक्का यांतच जातो. हरणासाठी .50 पुरेशी आहे. माझा कौल .54 ला, कारण अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती सांभाळून घेते. .45 नियमात बसते, पण ती निष्णात नेमबाजाच्या हाती द्यावी. आणि कोणतंही कॅलिबर असो, 70-75 मीटरच्या पलीकडे मोह टाळावा.

लांब नळीचा खरा फायदा नेमात आहे. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांत 60 सेंटिमीटर अंतर असताना नेम एक मिलिमीटर चुकला तर 60 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर 90 सेंटिमीटर असेल तर चूक साडेसहा-सात सेंटिमीटरची. चाळिशी लागलेल्यांना आणखी एक सोय होते: मागची खाच डोळ्यापासून जरा दूर बसवता येते, आणि ती कमी पुसट दिसते. झाडीत लांब नळी अडते हे खरं, पण नळी मध्यभागी बारीक आणि टोकांना जाड घडवलेली असेल तर हातात ती जड वाटत नाही.

दमट हवा हा या बंदुकीचा जुना वैरी. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो, त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं. पहिल्या बारानंतर दाणी पुसली नाही तर दुसऱ्या वेळची रंजक काळा चिखल होऊन बसते आणि बार फुसका जातो. नळीही याच क्षारांनी गंजते, पण ते पाण्यात विरघळत असल्याने गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावलं की काम भागतं. गारठलेली बंदूक ऊबदार घरात आणली की थंड लोखंडावर दव धरतं, अगदी नळीच्या आतही. म्हणून लोक रंजक झटकून ती बाहेरच्या थंड खोलीत ठेवतात. निवडताना यासाठी एवढंच बघायचं की फ्रिझन दाणीवर घट्ट बसतो का. मध्ये कागदाचा कपटा ठेवून झाकण लावा. कपटा सहज निघाला तर पाणीही सहज शिरेल.

राहिले डावखुरे. नेहमीचं लॉक नळीच्या उजव्या अंगाला असतं. डाव्या खांद्यावरून झाडणाऱ्याच्या तोंडासमोरच दाणी येते, भडका आणि कानातून बाजूला उडणारे कण थेट चेहऱ्याकडे येतात. चष्मा सगळ्यांनीच लावायला हवा, पण डावखुऱ्यांनी तेवढ्यावर भागवू नये. डाव्या अंगाचं लॉक बनवणारे आहेत. ते सहसा महाग पडतं, कधी मागवून वाट बघावी लागते, पण ते आल्याशिवाय रायफल घेऊ नये.