कापूर-ओव्याच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढत नाही

२०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत नागपुरात रुग्णालयात खाट मिळेनाशी झाली, तेव्हा ‘कापूर, ओवा, लवंग, वर निलगिरीचे दोन थेंब, हुंगा, ऑक्सिजन वाढतो’ हा मेसेज घरोघरी फिरला. शेजारच्या आजी अजूनही पुरचुंडी उशाशी ठेवतात. कापूर-निलगिरीच्या वासाने नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा चेततात, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन मात्र होता तिथेच राहतो. तेव्हा ऑक्सिमीटर ९० दाखवत असेल तर पुरचुंडी बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

सुगंधाने बरं वाटतं, हे खरंच आहे. संत्र्याची साल दिव्याजवळ दाबून पाहा: फवारा भुर्रकन पेटतो. तेच सालीतलं सुगंधी तेल. त्या वासाने मन हलकं होत असेल तर जरूर घ्या. पण ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे मला अजिबात पटत नाही. लहान मुलाने थोडासा कापूर गिळला तरी झटके येऊ शकतात. निलगिरीचं तेलही पोटात गेलं तर विषारीच. तान्ह्या बाळाच्या नाकाला यातलं काहीही लावू नका.