‘लिटरली’ आजच्या पोरांनी बिघडवला?

‘मी लिटरली मेले!’ चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात हे ऐकलं की इंग्रजीचे जाणकार कपाळाला हात लावतात. मेलीस तर बोलतेस कशी? त्यात व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरतोच: आजच्या पोरांनी शब्दाची वाट लावली आणि २०१३ साली ऑक्सफर्डच्या डिक्शनरीनेही हात टेकून हा वापर मान्य केला.

ही निव्वळ अफवा. लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून लिटरली, म्हणजे शब्दशः. पण नुसता जोर द्यायला तो वापरल्याचं उदाहरण थेट १७६९ सालचं आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८७६ मध्ये आपल्या कादंबरीतल्या टॉम सॉयरला ‘लिटरली’ श्रीमंतीत लोळवलं. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीने १९०९ लाच या वापराची नोंद घेतली. ऑक्सफर्डची नोंद २०११ मध्ये सुधारली गेली; २०१३ मध्ये फक्त पेपरवाल्यांना जाग आली. शिवाय डिक्शनरी परवाना देत नाही, लोक काय बोलतात ते टिपते.

‘व्हेरी’चा मूळ अर्थही ‘खरा’. आज तो ‘फार’ म्हणून चालतो, त्यावर कोणी भांडत नाही. आणि आपलं काय? ‘दादरला उतरताना अक्षरशः चेंदामेंदा झाला’ म्हटलं तर कोणी पंचनामा मागतं का?

ऑफिसच्या मेलमध्ये मात्र जपून. ‘क्लायंट लिटरली पेटलाय’ वाचून एखादा साहेब फायर ब्रिगेडला फोन लावणार नाही, पण तुमच्या इंग्रजीबद्दल मत नक्की बनवेल. तिथे सरळ ‘फार चिडलाय’ लिहा.