दुसरं तिकीट: चित्रपट रसास्वादाची पार्श्वभूमी

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद (दादासाहेब) फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. पडद्यावर ख्रिस्त होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ उभं राहत होतं. हे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं आणि ते बहुतेकांना ठाऊक असतं. मला मात्र त्याच आठवणीतली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते: खेळ संपल्यावर फाळक्यांनी पुन्हा तिकीट काढलं आणि तोच चित्रपट परत पाहिला. पहिल्या वेळी आपण गोष्टीत गुंतलेले असतो. ती कशी रचली आहे, हे दुसऱ्या वेळी दिसू लागतं.

पण अशी दुसरी वेळ मिळणं पुढची कित्येक दशकं सोपं नव्हतं. कादंबरी घरात राहते, नाटकाची संहिता छापली जाते. चित्रपट उतरला की त्याची रिळं गावोगाव फिरून झिजायची. नायट्रेटची फिल्म पटकन पेट घ्यायची, उरलेली फिल्म तिच्यातली चांदी काढण्यासाठी विकली जायची. ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे परत पाहताच येत नाही त्याला कला मानायला माणसं कचरणारच.

वाट काढली ती फिल्म सोसायट्यांनी, म्हणजे सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या मंडळांनी. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्त्यात सोसायटी काढली. १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला आणि ‘बायसिकल थीव्ज’, ‘राशोमोन’ हे परदेशी चित्रपट इथल्या प्रेक्षकांनी पाहिले. १९५९ मध्ये सोसायट्यांचा महासंघ झाला, राय अध्यक्ष. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं आणि मराठी सभासदांना परभाषेतले चित्रपट पाहून त्यांवर मराठीत बोलायची जागा मिळाली.

तरी रसास्वादाची, म्हणजे चित्रपट जाणतेपणाने पाहण्याची, खरी मुळं पुण्यात रुजली. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे रसास्वाद शिकवायला सतीश बहादूर आले. आग्र्यात ते अर्थशास्त्र शिकवत आणि फिल्म सोसायटी चालवत. चित्रपट कवितेसारखा ओळ-ओळ वाचायचा, ही त्यांची शिकवण. आधी तो अखंड बघायचा, मग तुकड्या-तुकड्याने: कॅमेरा इथे का थांबला, हा आवाज आत्ताच का आला? रायांचा ‘पथेर पांचाली’ त्यांनी असा वर्षानुवर्षं शिकवला. विद्यार्थी बदलत, चित्रपट तोच. याच पद्धतीवर पुण्यातली उन्हाळी रसास्वाद शिबिरं उभी राहिली.

असं शिकवायचं तर प्रत हाताशी हवी. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पुढच्याच वर्षी पी. के. नायर तिथे रुजू झाले. लहानपणी तिरुवनंतपुरमला वाळूवर बसून पौराणिक चित्रपट पाहणारा आणि तिकिटांचे तुकडे जपून ठेवणारा हा माणूस. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन त्यांनीच मिळवली. संग्रहालयातले चित्रपट फडताळात पडून राहावेत हे त्यांना मान्य नव्हतं. सत्तरच्या दशकात बहादूर आणि नायर कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यापर्यंत चित्रपट घेऊन गेले, आणि तिथल्या शेतकऱ्यांनीही ‘पथेर पांचाली’ पाहिला.

संग्रहालयाच्या चित्रगृहात विद्यार्थ्यांबरोबर नायरही बसत. अंधारातच वहीत लिहीत जायचे, कोणत्या रिळात कोणतं दृश्य आहे ते. १९९१ मध्ये निवृत्त झाले तोवर अशा वह्यांचा ढीग झाला होता.