प्लॅनर हेडफोनच्या आलेखात काय खरं मानायचं?

प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोनमध्ये नेहमीची व्हॉइस कॉइल, म्हणजे पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं, नसते. अतिशय पातळ पडद्यावरच वाहक पट्टी नागमोडी बसवलेली असते आणि तो पडदा चुंबकांच्या रांगांसमोर हलतो. पट्टीचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला वेटोळ्याचा होणारा विरोध) नगण्य असतो, त्यामुळे इम्पीडन्सचा, म्हणजे ओहममधल्या एकूण विद्युत अडथळ्याचा, आलेख २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत जवळजवळ आडवी रेघच दिसतो. म्हणून अँपचा (अँप्लिफायरचा) स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स बदलला तर आवाजाची पातळी बदलते, सुरांचा तोल नाही. अमुक अँपवर बास फुलला, असं कुणी सांगितलं तर आधी दोन्ही वेळची पातळी सारखी होती का, ते विचारावं.

खरी फसगत सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे ठरावीक विजेला किती आवाज येतो त्या आकड्यात, होते, कारण कुणी आकडा मिलिवॉटला देतं, कुणी व्होल्टला. हायफायमॅन सुंदाराचा जाहीर आकडा ३७ ओहम आणि मिलिवॉटला ९४ डेसिबल. ११० डेसिबलच्या शिखरासाठी सुमारे ४० मिलिवॉट, म्हणजे १.२ व्होल्ट लागतात. त्याच कंपनीच्या एचई-६ चा आकडा ८३.५ डेसिबल आणि ५० ओहम. तिथे तेवढ्याच आवाजाला सुमारे ४५० मिलिवॉट आणि ४.७ व्होल्ट हवेत. फोनला जोडायच्या छोट्या हेडफोन-डाँगलला ते झेपणार नाही.

आता फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणता सूर किती मोठा वाजतो त्याचा आलेख. कृत्रिम कानात मोजलेला कच्चा आलेख सपाट नसतो आणि नसावाही. ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा बाह्यकर्ण आणि कर्णनलिकेच्या अनुनादातून येतो. टार्गेट, म्हणजे अपेक्षित आदर्श रेघ, वजा केल्यावरच दोष दिसतात. आपल्या मते यातला सर्वांत भरवशाचा पट्टा साधारण २०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ. पुष्कळ ओपन-बॅक (मागून उघड्या) प्लॅनरमध्ये १ ते २ किलोहर्ट्झदरम्यान खळगा सापडतो. गाणारा दोन पावलं मागे सरकल्यासारखा वाटतो, तो बहुधा त्यामुळे.

२०० हर्ट्झखालचा बास कानावरच्या पॅडच्या बैठकीवर अवलंबून. चांगल्या प्लॅनरची रेघ खाली २० हर्ट्झपर्यंत सपाट जाते, पण पॅड नीट टेकला असेल तरच. चष्म्याच्या काडीने किंवा झिजलेल्या पॅडने फट पडली की सर्वांत खालचे सूर आधी गळतात. म्हणून हेडफोन काढून-लावून किमान पाच वेळा मोजावं आणि सरासरीसोबत सगळ्या रेषाही पाहाव्यात. त्या खाली विस्कटल्या तर बासचा वाद तिथेच संपला.

८ किलोहर्ट्झच्या वर मात्र एकेका सुळक्यावर निकाल देऊ नये. तिथे तरंगलांबी ४.३ सेंटीमीटरहून कमी होते, म्हणजे कानाच्या पाळीपेक्षाही लहान. हेडफोन अर्धा सेंटीमीटर सरकला की सुळका हलतो, आणि तुमचा कान त्या यंत्राच्या कानासारखा नसतोच. वॉटरफॉल आलेखातले (सूर थांबल्यावर तो किती वेळ घुमतो ते दाखवणाऱ्या) लांब सुळकेही बहुतेकदा रिस्पॉन्समधल्याच उंचवट्यांचं दुसरं रूप असतात. वेगळा पुरावा म्हणून ते मोजू नयेत.

डिस्टॉर्शन (मूळ आवाजात मिसळलेली विकृती, टक्क्यांत) पाहताना ओपन-बॅकची अडचण लक्षात ठेवावी: बाहेरचा गोंगाट आत शिरतो. पंख्याची घरघर आणि ५० हर्ट्झचा हम यांमुळे बासमध्ये आकडा उगाच फुगतो. मोजणी ९४ आणि १०४ डेसिबल अशा दोन पातळ्यांवर घ्यावी. पातळी १० डेसिबलने चढल्यावर टक्केवारी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आली, तर तो खोलीचा गोंगाट. वाढली, तर पडद्याच्या हालचालीची मर्यादा जवळ आली आहे.